खाली न पोचलेला आवाज

न्गारा, नैरोबी
४ मार्च २०१९

अविनोताई,

तुझं पत्र आणि ओमेनाची पिशवी बसवाल्या ओमोलोने नीट पोचवली. सुक्या मासळीचा वास अख्ख्या जिन्याला लागला. समोरची फार्दोसा नाक धरून आली आणि वाटीभर मागून घेऊन गेली. सोमाली लोकांना आपली मासळी चालत नाही असं म्हणणाऱ्याला तिच्या घरी जेवायला पाठवायला हवं.

तू विचारतेस गुडघे कसे आहेत. आहेत अजून. जन्मभर वॉर्डात उभं राहिलेल्या बाईचे गुडघे जसे असायचे तसेच. पाचव्या मजल्यावरून खाली उतरणं म्हणजे एक काम होऊन बसलंय, आणि लिफ्ट मालकाच्या मनात आहे तेवढीच.

इथली बातमी म्हणजे आमचा म्हातारा बरासा गेला. मेला नाही, गावाला गेला. इतकी वर्षं दारावर बसून कोण आलं ते ओरडून सांगायचा. "सिस्टर अपोंडी, तुमच्याकडे पाहुणं" असा त्याचा आवाज पाचव्या मजल्यावर माझ्या चुलीपर्यंत यायचा. आता त्याच्या खुर्चीच्या जागी भिंतीत एक पत्र्याची पाटी बसवली आहे. तिच्यावर बटणं, एक दिवा आणि बारीक भोकं. आलेल्याने आपल्या घराचं बटण दाबायचं, वर आपल्या घरातला फोन वाजतो, आपण विचारायचं कोण आहे, आणि फोनवरचं चांदणीचं बटण दाबलं की खाली दाराचं कुलूप उघडतं. इंटरकॉम म्हणतात. सगळं इंटरनेटच्या तारेवरून चालतं.

बसवायला गितोंगा नावाचा मेरूकडचा मुलगा आला होता. चांगला वाटला. चौथ्या मजल्यापर्यंत त्याची तार पुरली, आमच्या मजल्याला पुरेना. मग त्याने आमचे फोन जिन्यातल्या इंटरनेट कंपनीच्या डब्याला जोडून दिले. म्हणाला, "आई, काही फरक पडत नाही, शेवटी वाट तीच." मग तो माझ्या खोलीत फोन कानाला लावून उभा राहिला आणि केअरटेकर किमेऊला खालून बोलायला लावलं. किमेऊला काय बोलायचं सुचेना, म्हणून त्याने चर्चमधली प्रार्थना सुरू केली. गितोंगा म्हणाला, "स्वच्छ ऐकू येतंय. झालं." मीही कानाला लावून ऐकलं. किमेऊ माझ्या स्वयंपाकघरातच उभा आहे असं वाटलं. कुलूप तेव्हा आलं नव्हतं, दाराला वीट लावून ठेवली होती. ते नंतर येऊन बसवून गेले.

तर मीही आता मोठ्या लोकांसारखी. फक्त माझ्याकडे येतं कोण? फार्दोसाने तर तिचा फोन काढूनच ठेवलाय, बाळ उठतं म्हणून. तिच्या घरचे किल्लीने येतात.

तुझी
अपोंडी

•

सेमे
१९ मार्च

अपोंडी,

तुझी पाटी आणि तिची भोकं मला समजली नाहीत, पण वाचून हसले. मला तर समोर बसून बोललेलंही कळत नाही. हा बहिरेपणा आल्यापासून लोक दोन प्रकारचे झालेत. एक, जे माझ्या तोंडापाशी येऊन ओरडतात. दुसरे, जे नमस्कार करतात, मी उत्तर देत नाही असं बघून "म्हातारी माजलीय" म्हणत निघून जातात. परवा चर्चच्या वाटेवर पाद्रीबाबांची बायको अशीच तोंड फिरवून गेली. मला मागून नातवाने सांगितलं. मोबाइलवरची अक्षरं मुंग्यांएवढी, ती मला दिसत नाहीत. म्हणून हे पत्रांचं बरं. तू कितीही हळू बोललीस तरी पोचतं.

इथे पाऊस अजून नाही. तुझ्या नवऱ्याच्या थडग्यावरचं गवत मी काढवून घेतलं. सिमेंटला एक चीर गेलीय, ती बुजवायला हवी.

मला एक सांग. त्या पाटीवर तुझं नाव लिहिलंय का? म्हणजे एखादा माणूस पहिल्यांदाच आला, बरासा नाही, विचारायला कोणी नाही, तर त्याने नेमकं काय दाबायचं? मी येईन कधीतरी, म्हणून विचारते.

आणि रागावू नकोस, पण तू मागच्या तीन पत्रांत ओबिएरोचं नाव काढलेलं नाहीस.

तुझी बहीण
अविनो

•

न्गारा
२ एप्रिल

अविनोताई,

तू गेल्या दहा वर्षांत किसुमूच्या पलीकडे गेली नाहीस आणि आता नैरोबीला येणार. ये. पाटीवर नावं नाहीत, घरांचे आकडे आहेत. माझं ५-बी. सगळ्यात वरच्या ओळीतलं उजवीकडचं. दाबायचं, आणि दिवा हिरवा झाला की समजायचं मी फोन उचलला. मग बोलायचं. तुझ्या बाबतीत उपयोग नाही, तू दाबून थेट दार ढकल.

ओबिएरोचं नाव मी काढत नाही कारण काढून काय करू? बाप दीड वर्ष अंथरुणात होता. थोरला मुलगा मोंबासाला. सुरुवातीला फोन यायचे, मग कमी झाले, मग बंद. बाप गेला तेव्हा निरोपावर निरोप पाठवले. माती दिली त्या दिवशी लोक फाटकाकडे बघत होते, आणि मीसुद्धा. शेवटी ओचोला भाऊजींनी माईक घेऊन सगळ्यांसमोर सांगितलं की ज्याला बापाच्या मातीला यायला जमलं नाही त्याचं पाऊल या अंगणात पडायला नको. तू तिथेच होतीस. तुला ऐकू आलं नाही, नंतर कोणीतरी सांगितलं असेल.

मला त्याच्याबद्दल काही कळत नाही आणि त्यालाही माझं काही कळून घ्यायचं नाही. झालं हे असं झालं.

चिरीसाठी सिमेंट घे. ओमोलोबरोबर साखर आणि चहा पाठवते.

अपोंडी

•

न्गारा
१३ मे

ताई,

तुझ्या उत्तराची वाट न बघता लिहितेय. अक्षर सांभाळून घे.

शनिवारी दुपारी मी भाजी चिरत होते आणि फोन वाजला. तो भिंतीवरचा, दाराचा. बसवल्यापासून माझ्यासाठी वाजला नव्हता. मला वाटलं कोणी चुकून दाबलं. उचलला. रस्त्याचा आवाज, मटाटू बसचे भोंगे, आणि मग, "आई, मी ओबिएरो."

ताई, मी त्याचा आवाज विसरले असेन असं मला वाटत होतं.

मी म्हटलं, "ओबिएरो? वर ये, बाळा." चांदणीचं बटण दाबलं. तो म्हणाला, "आई?" मी म्हटलं, "हो रे, मीच. दार उघडलंय, ढकल." पुन्हा चांदणी दाबली, पुन्हा दाबली. तो म्हणाला, "आई, तू ऐकतेयस ना?" मी म्हटलं, "ऐकतेय, ऐकतेय, तू वर ये आधी. पाचवा मजला, सावकाश ये." मग तो काही बोलेना. त्याचा श्वास ऐकू येत होता. धापा टाकल्यासारखा. मी परत हाका मारल्या. मग तो म्हणाला, "बरं. नको बोलूस, आई. हरकत नाही." आणि पावलं गेल्याचा आवाज आला.

नको बोलूस म्हणाला. मी बोलतेय आणि मला म्हणतो, नको बोलूस.

मी तशीच निघाले. चप्पल एकच पायात होती हे खाली गेल्यावर कळलं. कठडा धरून, एकेक पायरी बसत बसत उतरले. वाटेत किमेऊ भेटला, त्याला म्हटलं, "पळ, दारात माझा मुलगा आहे." तो पळाला. मी पोचेपर्यंत तो रस्त्याच्या दोन्ही टोकांना जाऊन परत आला होता. म्हणाला, "आई, कोणी नाही." त्याच्या तोंडावर दया होती ती मला बघवली नाही.

माझी खिडकी मागच्या बाजूला उघडते, नाहीतर तिथून तरी हाक मारली असती. त्याचा जुना नंबर लावला, तो कधीचाच बंद आहे.

तो आला होता, ताई, आणि माझ्या गुडघ्यांना लागतो तेवढाही वेळ त्याने थांबायचं नाही ठरवलं. माझं बोलणं त्याला नकोच होतं तर इतक्या लांब आला कशाला? मी रागावू की काय करू ते मला कळत नाही. जेवण जात नाही.

अपोंडी

•

मोंबासा
१५ मे

मावशी,

तू सांगितलंस म्हणून गेलो. तू सांगितलं नसतंस तरी एकदा गेलोच असतो.

मंगळवारी आणि शुक्रवारी मशीन असतं. शुक्रवारचं आटोपून शनिवारी पहाटेची गाडी धरली. तू लिहिलं होतंस तसं ५-बी दाबलं. दिवा हिरवा झाला. मी म्हटलं, आई, मी ओबिएरो. आतून काही नाही. मी परत हाक मारली. विचारलं, ऐकतेयस ना? दिवा हिरवाच होता. ती तिथे होती, मावशी. फोन कानाला लावून उभी होती आणि एक शब्द बोलली नाही. दारही उघडलं नाही.

मी तिला दोष देत नाही. बाबांच्या मातीच्या दिवशी ओचोला काका बोलले तेव्हाही ती गप्प होती, असं मला सगळ्यांनी सांगितलं. तिचं म्हणणं तेव्हाच कळलं होतं. मी उगाच परत ऐकायला गेलो. तिला अवघड नको म्हणून म्हटलं, नको बोलूस, आणि निघालो. कोपऱ्यावर टॅक्सी मिळाली. पाच मजले माझ्याने चढवलेही नसते.

आता तिला काही सांगू नकोस. आजाराचं तर अजिबात नाही. तेव्हा सांगितलं नाही कारण बाबांना ती एकटीच सांभाळत होती, आणि माझं कळलं असतं तर तिने पहिल्याच दिवशी स्वतःचं मूत्रपिंड काढून घ्या म्हणून भांडण केलं असतं. रक्तदाब असताना. तू तिला ओळखतेस. आता सांगितलं तर ती दयेने बोलेल. मला दया नको आहे.

इथे बरं आहे. पाय सुजतात, श्वास लागतो, पण चालतं. माझ्या खोलीशेजारचा मसूद रोज मला भात आणून देतो आणि मीठ घातलं नाही म्हणून माझ्याच वतीने स्वतःला शिव्या देतो.

तुझा
ओबिएरो

•

सेमे
२४ मे

अपोंडी,

हे पत्र उभ्याने वाचू नकोस. बस, पाणी जवळ घे, मग वाच.

ओबिएरो मला पत्रं लिहितो. गेलं वर्षभर. त्याने मला तुला सांगायचं नाही म्हणून शपथ घातली होती आणि मी ती पाळली. देवासमोर मोडतेय, बघेल तो. तुझ्या पाटीवर काय दाबायचं ते मी त्याच्यासाठीच विचारलं होतं. त्याला मीच पाठवलं तुझ्याकडे.

त्याची मूत्रपिंडं गेलीत. बापाच्या मातीच्या दिवशी तो मोंबासाच्या इस्पितळात पालथा पडला होता, शुद्धीत नव्हता. तुला नवऱ्याच्या आजारातून मान वर करायला फुरसत नव्हती, म्हणून त्याने कळू दिलं नाही. आठवड्यातून दोनदा मशीन लावतात. हा असा माणूस पाय सुजलेले घेऊन तुझ्या दारापर्यंत आला होता.

आता नीट ऐक. तुझं पत्र आलं त्या दिवशी मी तुझ्या बाजूने रागावले. पाच दिवसांनी त्याचं आलं, त्या दिवशी मी तुझ्यावर रागावले. तो लिहितो, दिवा हिरवा झाला आणि आतून एक शब्द आला नाही. मी तुला लिहायलाही बसले होते, की तू दगड आहेस. मग ती दोन्ही पत्रं घेऊन आंब्याखाली बसले आणि परत वाचली. तू लिहितेस, तू बोललीस. इतकं सगळं बोललीस. तू खोटं बोलत नाहीस, लहानपणी मार चुकवायलासुद्धा बोलली नाहीस. आणि तोही खोटं बोलत नाही.

मग मला पाद्रीबाबांची बायको आठवली. तिने नमस्कार केला, मी उत्तर दिलं नाही, ती गेली. तिला काय माहीत माझा कान बंद आहे.

अपोंडी, तुला तो ऐकू येत होता. त्याला तू ऐकू येत नव्हतीस. तो म्हणाला "नको बोलूस", कारण त्याला वाटलं तू बोलतच नाहीयेस. त्या यंत्राचा कान चालतो, तोंड चालत नाही. मला यंत्रांतलं कळत नाही, पण एवढं कळतं.

तू खाली जा. स्वतः दारात उभी राहा. त्या फार्दोसाला तुझ्या खोलीतून बोलायला सांग. आणि मग ताबडतोब मोंबासाला जा. पत्ता मागच्या बाजूला लिहिलाय. मी त्यालाही आज लिहितेय. शाळेतल्या मास्तरणीला सांगून तुला फोन करवते, की ओमोलोच्या बसकडे पत्र आहे, स्वतः जाऊन घे, उद्यावर टाकू नकोस.

तुझी
अविनो

•

न्गारा
२६ मे

ताई,

तुझं पत्र मी बसथांब्यावरच वाचलं. उभ्यानेच वाचलं. ओमोलोने मला त्याच्या सीटवर बसवलं आणि इंजिन बंद करून शेजारी उभा राहिला.

घरी येऊन फार्दोसाला माझ्या खोलीत ठेवलं. तिला म्हटलं, फोन वाजला की उचल आणि काहीही बोल, थांबू नकोस. मी खाली गेले. ५-बी दाबलं. दिवा हिरवा झाला. भोकांना कान लावला. काही नाही, ताई. रस्ता सगळा ऐकू येत होता, मागे भाजीवाली गिऱ्हाइकाशी भांडत होती ते ऐकू येत होतं, आणि पाटीतून काही नाही. मी म्हटलं, "फार्दोसा, बोलतेयस का?" नुसता हिरवा दिवा. दार ढकललं, बंद. मी तिथे उभी राहिले. माझा मुलगा उभा होता तिथेच. तो जेवढा वेळ थांबला तेवढा वेळ मलाही थांबवलं नाही.

वर आले तर फार्दोसा फोन धरून रडत होती. म्हणाली, "सिस्टर, मला तुमचं सगळं ऐकू येत होतं. मी ओरडत होते."

किमेऊने गितोंगाला बोलावलं. तो दुपारी आला, संगणक उघडून जिन्यात बसला, बराच वेळ तारा काढत-लावत राहिला. मग माझ्याकडे आला, पण आत येईना. दारातच म्हणाला, "आई, खालचा आवाज वर येत होता. तुमचा आवाज निघत होता, पण तो जिन्यातल्या त्या कंपनीच्या डब्यापर्यंत यायचा आणि पुढे दाराचा पत्ता त्याला माहीत नव्हता. तिथेच संपायचा. चांदणीचंही तसंच."

मी विचारलं, "त्या दिवशी तू बघितलं होतंस ना?"

"वरून बघितलं. मला ऐकू आलं. खाली किमेऊला विचारायचं राहिलं, तुम्हाला ऐकू येतंय का म्हणून."

मी त्याला ओरडणार होते. वाक्य तोंडात तयार होतं. पण तो इतका लहान दिसला, आणि त्याला तर माहीतही नव्हतं त्या दारात कोण येऊन गेलं. मी सांगितलं. त्याने पिशवी जमिनीवर ठेवली आणि जिन्यावर बसला. मग बाजारात जाऊन नवी तार आणली, तिसऱ्या मजल्यावर एक छोटा डबा बसवला, आणि अंधार पडेपर्यंत आमचे फोन खालच्या पाटीला सरळ जोडून दिले. या वेळी एकदा तो वर आणि मी खाली, एकदा मी वर आणि तो खाली, असं दोनदा करून बघितलं. आता चालतं.

ताई, मी तीस वर्षं दुसऱ्यांच्या मुलांना सुया टोचल्या, लघवीची मापं लिहिली. चेहऱ्याची सूज बघून मी सांगायची कोणाचं मूत्रपिंड कसं आहे. आणि फोनमधून त्याच्या धापा ऐकल्या तेव्हा मला वाटलं, चालून आलाय म्हणून.

तू शपथ पाळलीस याचा मला राग आहे. तोही लिहून ठेवते, लपवत नाही. भेटल्यावर भांडू. सकाळच्या गाडीने निघतेय.

अपोंडी

•

मोंबासा
९ जून

ताई,

इथे आल्यापासून रोज लिहायचं म्हणते.

तो खोलीत नव्हता. मसूदने मला इस्पितळात नेलं. फुप्फुसांत पाणी भरलं होतं, नाकाला नळी होती. मला बघून पहिलं काय म्हणाला सांगू? "मावशीने सांगितलं ना तुला." मी म्हटलं, हो, तुझ्या मावशीच्या पोटात काही राहत नाही. तो हसला. हसल्यावर खोकला आला.

तुझं पत्र त्याला पोचलं होतं. उशीखाली होतं. पण त्याचा विश्वास बसला नव्हता. म्हणाला, "मावशीचा स्वभावच तो आहे, फाटलेलं दिसलं की टाका घालायला बसते. मला वाटलं, तिनेच रचलं." मी त्याला यंत्राचं सगळं सांगितलं, डबा, तार, गितोंगा. तो ऐकत होता, पण ते त्याला ऐकायचं नव्हतं. मध्येच म्हणाला, "मग तू काय बोललीस?"

"कधी?"

"त्या दिवशी. मी हाक मारली तेव्हा."

मी सांगितलं. वर ये बाळा म्हटलं. मीच आहे म्हटलं. दार ढकल म्हटलं.

"आणि?"

"पाचवा मजला, सावकाश ये म्हटलं."

तो छताकडे बघायला लागला. मग म्हणाला, "मी ढकललंच नाही गं दार." मी म्हटलं, ढकललं असतंस तरी उघडलं नसतं, कुलूपही माझं ऐकत नव्हतं. तो म्हणाला, "तरीपण."

दुसऱ्या दिवशी मशीनवर असताना परत विचारलं, आई, तू काय म्हणालीस? मी परत सांगितलं. नर्स तिथेच होती, तिला वाटलं त्याला भ्रम झालाय. त्यानंतर रोज एकदा विचारायचा. मी रोज सांगायची. मी माझं मूत्रपिंड द्यायला निघाले म्हणून तो माझ्याशी भांडलासुद्धा, तुला वाटलंच असेल तसा. डॉक्टरांनीच मला नाही म्हटलं, रक्तदाबामुळे, तेव्हा त्याला जिंकल्यासारखं झालं.

त्याला तुझ्या हातची ओमेना हवी होती. मीठ चालत नाही, मी दिली नाही. नर्स ना मी. द्यायला हवी होती.

काल दुपारी गेला. मी त्याचे पाय चेपत होते. मसूद दारात बसून त्याच्या धर्माचं काहीतरी हळू म्हणत होता. मी त्याला थांबवलं नाही.

त्याला घरी आणतेय. ओचोला भाऊजींचा निरोप आलाय, की बापाच्या मातीला न आलेल्याला कुंपणाबाहेर पुरायचं. तू कुदळवाल्यांना सांग, नवऱ्याच्या डाव्या बाजूला खणा. कोणी अडवलं तर सांग, अपोंडी येतेय.

अपोंडी

•

सेमे
२ जुलै

अपोंडी,

तू गेल्यापासून घर मोठं वाटतं. तू आठ दिवस इथे होतीस, माझ्याशी भांडणार होतीस, भांडली नाहीस. ते एकदा येऊन भांडून जा. मला ते जड झालंय.

थडग्यावरची माती बसलीय. पाऊस आलाय. ओबिएरोच्या बाजूला मी काही लावलं नाही, तू आल्यावर तू लाव.

मला एक विचारायचं राहिलं. तू इथे होतीस तेव्हा विचारवलं नाही. मातीच्या दिवशी तू उठून माईक घेतलास. तू काय बोललीस? मला नुसते तुझे ओठ दिसत होते, आणि लांबून. पहिल्यांदा लोक आपापसात बोलत होते, मग सगळे गप्प झाले. ओचोलाने टोपी काढली आणि खाली बघत राहिला. बायका रडायला लागल्या. नातवाला विचारलं, तो म्हणाला, आजी, मावशीआजी खूप बोलल्या, आणि तोही रडायला लागला. त्याच्याकडून मला एवढंच मिळालं.

दोन्ही मातींच्या दिवशी मी तिथे होते आणि दोन्ही वेळा मला काही ऐकू आलं नाही. हे एक तरी मला लिहून पाठव. सगळं लिही, गाळू नकोस.

तुझी बहीण
अविनो

•

न्गारा
११ जुलै

ताई,

खूप बोलले नाही. पोराला तसं वाटलं असेल. लिहिते, जसं आठवतं तसं.

मी म्हटलं, हा माझा थोरला, ओबिएरो. गेल्या वेळी याच अंगणात ओचोला भाऊजींनी सांगितलं की याचं पाऊल इथे पडायला नको. तेव्हा मी समोरच्याच खुर्चीवर बसले होते आणि काही बोलले नाही. नवरा मातीत चालला होता, माझ्या अंगात बोलायचा जीव नव्हता. पण तुम्ही सगळ्यांनी ते माझं म्हणणं धरलं. यानेही धरलं. ते माझं म्हणणं नव्हतं.

मी म्हटलं, बापाला माती देत होतो तेव्हा हा इस्पितळात बेशुद्ध होता. मला एका वेळी दोन आजारी माणसं नकोत म्हणून त्याने ते एकट्याने काढलं. ज्यांनी त्याला नावं ठेवली त्यांना मी काही म्हणत नाही, त्यांना माहीत नव्हतं. मला माहीत असायला हवं होतं.

मग म्हटलं, तो इथेच राहील, कुंपणाच्या आत, बापाशेजारी. कोणाला काही बोलायचं असेल तर आत्ता बोला, माझ्यासमोर. मी ऐकायला उभी आहे.

मी थांबले. कोणी बोललं नाही.

एवढंच. मग मी माईक ठेवला आणि येऊन तुझ्या शेजारी बसले. तू माझा हात घट्ट धरलास, तेव्हा मला वाटलं, तुला सगळं ऐकू आलं.

अपोंडी